सहा महिन्यांची थकबाकी

सोमवार, ३ ऑक्टोबर १९५५, कल्याण

आजपासून नोकरी. पाऊण वर्ष अर्ज करीत होते. शाळांना ट्रेनिंग झालेली बाई हवी, टपालखात्याला माझं वय जास्त. शेवटी मिळाली ती ‘घरभाडे साहाय्य निधी’त. बाजारपेठेत एका भुसारी दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, तेच कार्यालय. खालून डाळींचा आणि पोत्यांचा वास येतो.

निधी नवाच आहे. निर्वासितांची छावणी झाल्यापासून आणि शहाडकडे कारखाने आल्यापासून कल्याणात खोली मिळणं कठीण, मिळालेली टिकवणं त्याहून कठीण. म्हणून गावातल्या काही व्यापाऱ्यांनी आणि वकील-डॉक्टरांनी मिळून वर्गणी गोळा केली. ज्या गरीब कुटुंबाचं भाडं थकलं असेल, त्याचं थकलेलं भाडं निधी भरतो. पैसे कुटुंबाच्या हातात द्यायचे नाहीत, थेट घरमालकाला द्यायचे. म्हणजे ते दारूत किंवा लग्नात जात नाहीत, असं चिटणीस म्हणाले. माझं काम घरोघर जाऊन चौकशी करायची आणि फॉर्म भरायचे. अर्जदार बहुतेक निरक्षर, म्हणून चांगल्या अक्षराची, बायकांशी बोलू शकेल अशी बाई त्यांना पाहिजे होती.

चिटणीस गुरुदत्त कर्णिक. चाळिशीचे असतील, बोलणं मऊ. म्हणाले, “परचुरेबाई, दया करणारे पुष्कळ आहेत. आपल्याला मदत नियमाने करायची आहे. नियम असला की कोणी कोणाचं मिंधं राहत नाही.” मला हे फार पटलं. हे गेल्यापासून चार वर्षं मी पारनाक्यावर नानांकडे राहते आहे. मिंधेपणा काय असतो ते मला सांगायला नको, मग वडील असले तरी.

पगार पंचावन्न रुपये. नानांना सांगितलं. ते नुसते “बरं” म्हणाले, पण जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला.

बुधवार, ५ ऑक्टोबर

फॉर्म आले. छपाई सुंदर आहे. मसुदा निधीचे सभासद त्र्यंबकराव लेले वकील यांनी करून दिला.

नानांनी वाचून दाखवायला सांगितलं. चाळीस वर्षं कोर्टात काढली त्यांनी, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण कागद म्हटला की अजून मान वर होते. मी वाचलं: “मी लिहून देतो की, माझ्याकडे घरमालकाचे ____ (किमान सहा) महिन्यांचे भाडे थकले असून ते मी दिलेले नाही. भाड्याच्या दराबद्दल माझी काही तक्रार नाही.” खाली सही किंवा अंगठा. फॉर्मच्या दोन प्रती. एक निधीकडे, दुसरी घरमालकाकडे संमतीसाठी. मालकाने पैसे घ्यायला संमती दिली तरच अर्ज समितीपुढे जातो.

नाना म्हणाले, “पुन्हा वाच.”

पुन्हा वाचलं.

“सहाच महिने का? दोन का नाहीत?”

“दोन महिने तर कोणाचेही थकतात, नाना. खरोखरीच्या गरजूंपर्यंत मदत पोचावी म्हणून.”

“आणि दराबद्दल तक्रार नाही, हे कशाला?”

“मालकांना वाईट वाटू नये म्हणून असेल. सगळं त्यांच्या संमतीवरच तर आहे.”

“समिती कधी बसते?”

“दोन महिन्यांतून एकदा.”

नानांनी फॉर्म हातात घेऊन चाचपला. मला वाटलं, छपाईचं कौतुक करतील. मग विचारलं, “पगार महिन्याच्या महिन्याला देणार ना?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “आमटीत आज मीठ कमी होतं,” आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. वय झालं की माणसाचं लक्ष एका गोष्टीवर टिकत नाही.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

शहाडच्या रस्त्याला काळुराम शेठची चाळ आहे, चौदा खोल्यांची, वर पत्रे. आज तिथून सुरुवात केली. चार बिऱ्हाडांनी फॉर्म भरले. पाचवी रंगूबाई. मूळची ठाण्याकडच्या बाळकुमची, एकटी राहते, सुकी मासळी विकते. आठ महिन्यांचं भाडं थकलेलं. नियमात अगदी चपखल बसणारी. मी सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मला बसायला फळी दिली, पाणी विचारलं, आणि म्हणाली, “पैसं देतास त द्या बाय. माजा आंगठा कागदाव नाय लागायचा.”

“अहो, पण अंगठ्याशिवाय पैसे कसे मिळतील?”

“नाय मिलूदेत. माज्या बापाशीन एकदाच आंगठा लावला व्हता. मिठागर गेला.”

अर्धा तास घालवला. ऐकेना. अज्ञानापुढे दयाही थकते. शेऱ्याच्या रकान्यात मी ‘हट्टी’ असं लिहिलं.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

आजचं काम मनासारखं झालं. सविस्तर लिहिते.

त्याच चाळीत टोकाच्या खोलीत धाकू आणि रखमाबाई राहतात. जुन्नरकडचे. धाकू भाताच्या गिरणीत होता. गेल्या माघात पट्ट्यात उजवा हात गेला, मनगटापासून. गिरणीवाल्याने दोन आठवड्यांचा पगार दिला आणि दार लावून घेतलं. रखमाबाई गांधारीच्या बाजूला गवत कापते आणि दूधनाक्यावरच्या तबेल्यांना भारे टाकते. मुलगी गंगू बारा वर्षांची, तीही आईबरोबर जाते. खोली इतकी स्वच्छ की चप्पल घालून उंबरठ्यावर उभं राहायचीही लाज वाटली. भाडं सात रुपये.

“किती महिन्यांचं थकलं आहे?”

रखमाबाईने बोटांवर मोजलं. “चार. ज्येष्ठापातूर दिलंया, बाई. शेठच्या हातात दिलं.”

“पावत्या?”

“शेठ पावती देत न्हाई. कुनालाच न्हाई.”

मी पेन खाली ठेवलं. चार म्हणजे अर्ज बाद. या चाळीत माझ्या मते सर्वांत लायक बिऱ्हाड हेच, आणि दोन महिन्यांसाठी हे मागे राहणार. मी म्हटलं, “रखमाबाई, आपण सहा लिहू. मदत मिळेपर्यंत सहा होतीलच. नाहीतर अर्ज परत जाईल.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. धाकू भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, “चार हायती तर चारच लिवा. जास्तीचं कशापायी?”

“तुमच्या भल्यासाठीच,” मी म्हटलं.

रखमाबाई त्याच्यावर तापली. “शिकल्याली बाई सांगतीया. तुला काय कळतंय? गवताच्या भाऱ्याखाली मान माजी मोडतीया.”

त्याने हात पुढे केला. शाई डाव्या अंगठ्याला मीच लावली. उजवा नव्हताच.

निघताना गंगूने मला दोन सीताफळं दिली. नको म्हटलं तरी ऐकेना. एक नानांना दिलं, ते म्हणाले गोड आहे. नियमाच्या आत राहूनही माणसाला थोडं मन वापरता येतं, याचं आज समाधान आहे.

सोमवार, १७ ऑक्टोबर

पाच फॉर्म घेऊन काळुराम शेठकडे गेले. वाटलं होतं तसा माणूस नाही. ओटीवर बसवलं, चहा मागवला. प्रत्येक फॉर्म वाचला, अंगठे नीट पाहिले. “अक्षर कोनाचं? तुमचं? झक्कास.” संमतीचं काय विचारलं तर म्हणाला, “बगतो. घाई कशाला करताव? कागद राहूद्या माज्याकडं.” मग सहज म्हणाला, की शहाडला आज माणूस वीस रुपये भाडं आणि वर पागडी हातात घेऊन उभा आहे, आणि याला सात रुपयांनी चौदा खोल्या सांभाळाव्या लागतात. मला त्याचीही बाजू पटली. मालक म्हणजे राक्षसच असं आपण उगाच धरून चालतो.

शनिवार, १९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पहिल्या पगारातून नानांना धोतरजोडी घेतली. त्यांनी हात फिरवून पाहिली आणि घडी करून ठेवून दिली, नेसले नाहीत. विचारलं तर म्हणाले, “पाडव्याला नेसीन.” पाडवा तर होऊन गेला.

चाळीकडे जावंसं वाटत होतं. पण अर्ज विचाराधीन असताना अर्जदाराच्या घरी जायचं नाही, असा नियम आहे. वशिला होऊ नये म्हणून.

बुधवार, ३० नोव्हेंबर

समितीची सभा झाली. एकूण चौतीस अर्ज. एकवीस मंजूर. भोईवाड्यातल्या एका विधवेचं अकरा महिन्यांचं भाडं भरलं गेलं. तिने कार्यालयाच्या पायऱ्यांवर डोकं टेकलं. मी तिला हात धरून उठवलं.

काळुराम शेठच्या चाळीचे पाचही नामंजूर. मालकाने संमती दिली नाही. कर्णिकसाहेब म्हणाले, “मालक पैसे घ्यायलाच तयार नसेल तर आपण काय करणार?” मी विचारलं, हातात येणारे पैसे कोणी का नाकारील? लेले वकील समोरच बसले होते. ते म्हणाले, “प्रत्येकाची कारणं असतात, बाई,” आणि पुढचा अर्ज घेतला.

मी म्हटलं, निदान त्या पाच जणांना कळवून येते. कर्णिक म्हणाले, नामंजुरीची पत्रं टपालाने जातात. घरी जाऊन सांगितलं की रडारड होते.

मंगळवार, १० जानेवारी १९५६

दुपारी रखमाबाई कार्यालयात आली. गवताचा भारा खाली दुकानाच्या दाराशी टाकून वर आली होती. पदराच्या गाठीतून एक कागद काढला. चार घड्या, वर कुंकवाचं बोट.

“बाई, पैसं कधी मिळत्याल? कागद आला त्याला म्हैना झाला.”

कागद निधीचा नव्हता. काळुराम शेठच्या वकिलाची नोटीस होती. तारीख २ डिसेंबर. सहा महिन्यांचं भाडं थकल्याचं तुम्ही लेखी कबूल केलं आहे. एका महिन्याच्या आत सर्व रक्कम चुकती न केल्यास खोली खाली करून मिळण्यासाठी दावा लावला जाईल. खाली सही त्र्यंबक लेले यांची.

मी विचारलं, हा कुठे ठेवला होता. म्हणाली, देव्हाऱ्यात. टपालवाल्याने दिला तेव्हा तिला वाटलं, हेच मंजुरीचं पत्र. मागाहून आणखी एक आलं, तेही तिथेच ठेवलं. निधीची बाई येईल आणि वाचून दाखवील म्हणून वाट पाहत होती.

“तुमी आल्याच न्हाई, बाई,” एवढंच म्हणाली. तक्रार म्हणून नाही. नुसतं सांगितलं.

महिना आठ दिवसांपूर्वी संपला होता.

मी वाचून दाखवलं. पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मग म्हणाली, “पन सहा तुमी लिवलं व्हतं.”

मी हो म्हटलं. ती उठून खाली गेली आणि भारा डोक्यावर घेऊन दूधनाक्याकडे चालू लागली. गवत आजच्या आज पोचवायचं होतं.

बुधवार, ११ जानेवारी

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी नानांना नोटीस वाचून दाखवली. ते मधेच म्हणाले, “पुढचं मी सांगतो,” आणि उरलेला मजकूर जवळजवळ शब्दाला शब्द म्हणून दाखवला.

मग त्यांनी कायदा सांगितला. थकबाकी सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर कोर्ट भाडेकऱ्याला सांभाळून घेऊ शकतं. दराबद्दल वाद असेल तरी सांभाळतं. पण सहा महिने पुरे झाले, दराबद्दल वाद नाही, आणि नोटिशीनंतर महिन्याभरात पैसे आले नाहीत, तर भाडेकऱ्याला आधार उरत नाही.

“म्हणजे फॉर्ममध्ये...”

“हो. सगळं तेच आहे. आणि समिती दोन महिन्यांनी बसते, नोटिशीची मुदत महिन्याची.”

मी विचारलं, “तुम्हाला हे कधी कळलं?”

“तू वाचून दाखवलंस त्या दिवशी.”

चुलीवर दूध उतू जात होतं. मी उठले नाही.

“का नाही सांगितलंत?”

नाना म्हणाले, “मला वाटलं, कदाचित माझाच गैरसमज असेल. मग वाटलं, सगळेच मालक तसे नसतात, काहींना तरी पैसे मिळतील. तसे मिळालेही.” मग म्हणाले, “ही सगळी कारणं मी नंतर शोधून काढली, सुमा. त्या दिवशी मनात एवढंच आलं की पंचावन्न रुपये येतील, आणि सांगितलं तर तू जाणार नाहीस.”

मग मी उठले. दूध गेलं ते पुसून काढलं. आणि कार्यालयात गेले. तेही लिहून ठेवलं पाहिजे. नेहमीच्या वेळेला कार्यालयात गेले.

गुरुवार, १९ जानेवारी

चाळीत जाऊन आले. फॉर्म भरलेल्या पाचांपैकी तीन बिऱ्हाडं नोटीस पाहूनच, कोणाला न सांगता, निघून गेली. कोर्ट म्हटल्यावरच घाबरली. चौथ्याने बायकोची बुगडी विकून वेळेत पैसे भरले. राहिले धाकू आणि रखमाबाई. तीन रिकाम्या खोल्यांना नवीन कुलपं आहेत, आणि शेजारी विटांचा ढीग पडला आहे.

रंगूबाई दारात मासळी निवडत होती. तिला नोटीस आलेली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सूप घेऊन आत गेली.

धाकूशी बोलायचा प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाला. नाना “बरं” म्हणतात तसंच.

सोमवार, ६ फेब्रुवारी

दावा दाखल झाला. नानांनी आपणहून एका तरुण वकिलाला घरी बोलावलं. पूर्वी कोर्टात नानांनी त्याला पुष्कळ सांभाळून घेतलं होतं. फी घेणार नाही म्हणाला. त्याने फॉर्मची नक्कल पाहिली आणि कपाळाला हात लावला. “यात शिरायला फट ठेवलेली नाही. एकच मार्ग. थकबाकी तेव्हा चारच महिन्यांची होती, म्हणजे नोटिशीपर्यंतही सहा भरत नव्हते, आणि सहा हा आकडा अर्जदाराचा नव्हे, हे कोणीतरी शपथेवर सांगायला हवं.”

दोघेही माझ्याकडे पाहत होते. नानांना दिसत नाही, पण तेही.

शुक्रवार, २९ जून

इतके महिने लिहिलं नाही. तारखा पडत होत्या. मी फॉर्म भरत होते. आता प्रत्येकाला सांगते की वाचून पाहा, दुसऱ्या कोणाला दाखवा, मग अंगठा द्या. त्यामुळे माझे फॉर्म निम्म्याने घटले. कर्णिकसाहेबांनी विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. समितीने फॉर्म बदलावा असंही म्हटलं.

ते दुखावले. खरोखर दुखावले, नाटक नव्हतं. म्हणाले, “बाई, पहिल्याच सभेत एकवीस कुटुंबं. त्या एकवीस कुटुंबांना छप्पर आहे ते या फॉर्ममुळे. एका मालकाने गैरफायदा घेतला म्हणून निधी बंद करायचा का?”

“बंद नका करू. ती दोन वाक्यं काढा.”

“तो लेल्यांचा विषय आहे.”

साक्षीचं समन्स मी टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं. “तुम्ही गेलात तर निधीच्या कागदावर खोटं लिहिल्याचं कबूल करणार. मग मला तुम्हाला ठेवता यायचं नाही. माझी इच्छा असली तरी.”

मी म्हटलं, “माहीत आहे.”

समन्स उचललं आणि राहिलेले फॉर्म भरायला बसले.

मंगळवार, १० जुलै

आज साक्ष झाली. नाना बरोबर आले. माझा खांदा धरून चालत होते. कोर्टाच्या पायऱ्या मात्र त्यांनी एकट्याने चढल्या. म्हातारा पट्टेवाला मारुती त्यांना पाहून उठून उभा राहिला.

आमच्या वकिलाने विचारलं ते सगळं मी सांगितलं. मग लेले उठले. सौम्यपणे विचारत होते.

“हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“इथे किती महिने लिहिले आहेत?”

“सहा. पण त्यांनी मला चार सांगितले होते. सहा मी लिहिले.”

“म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत.”

“हो.”

“अर्जदाराने चार सांगितले याला पुरावा?”

मी ही वही पुढे केली. सोबत न्यायची की नाही, याचा चार दिवस विचार केला होता. नाना म्हणाले होते, ने. त्यांच्याबद्दल काय लिहिलं आहे ते त्यांना मी वाचून दाखवलं होतं, तरी म्हणाले, ने.

लेल्यांनी चौदा ऑक्टोबरचं पान वाचलं. आणखी काही पानं चाळली. एका ठिकाणी थांबले, बाकावर बसलेल्या नानांकडे क्षणभर पाहिलं, आणि वही मिटली.

“ही वही तुम्हीच लिहिली?”

“हो.”

“फॉर्मही तुम्हीच. एकात चार, एकात सहा. एकाच दिवशी, एकाच हाताने. यातलं खरं कुठलं मानायचं?”

“वहीतलं.”

“फॉर्मवर अर्जदाराचा अंगठा आहे. वहीवर कोणाचा आहे?”

मी वही परत घेतली. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मग धाकूला उभं केलं. शेवटचं भाडं कधी दिलं, तर ज्येष्ठात. पावती? नाही. कोणासमोर दिलं? बायकोसमोर. अंगठा तुझाच? माझाच. कोणी जबरदस्ती केली? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. म्हणाला, “जबरदस्ती न्हाई. बाईंनी चांगल्यासाठीच लिवलं.”

शनिवार, १४ जुलै

नोकरी गेली. चौदा दिवसांचा पगार पाकिटात घालून दिला. कर्णिक दारापर्यंत सोडायला आले.

सोमवार, ६ ऑगस्ट

निकाल. खोली एका महिन्यात खाली करायची. वकील म्हणाला, अपील करता येईल. रखमाबाईने विचारलं, किती दिवस लागतील. तो म्हणाला, वर्ष तरी. ती म्हणाली, “नगं. वरीसभर भ्या घेऊन कोन ऱ्हाईल?”

बुधवार, ५ सप्टेंबर

मी गेले होते. बेलिफ आला तेव्हा सामान बाहेरच काढून ठेवलेलं होतं. एक ट्रंक, पाटा-वरवंटा, दोन घोंगड्या, हंडा. देव्हाऱ्यातले टाक रखमाबाईने ओटीत घेतले होते. जाण्यापूर्वी तिने खोली झाडून काढली. बेलिफ म्हणाला, बाई, कशाला? तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही, कोपऱ्यापासून दारापर्यंत झाडत आली.

पाटा नेण्यासारखा नव्हता. रंगूबाईने तो आपल्या खोलीत ओढून घेतला. “नेशीन कवातरी,” म्हणाली.

कोणी रडलं नाही. मी गटारापलीकडे उभी होते. गंगूने एकदा हात वर केला, मग खाली घेतला.

रविवार, २३ सप्टेंबर

काल जेवताना नाना म्हणाले, “त्यांना इथे घेऊन ये.”

मी म्हटलं, कोणाला.

“तिघांना. दोन खोल्या आहेत आपल्याला. मालक काही म्हणाला तर मी बोलेन त्याच्याशी.”

“आपल्यालाच काय खायचं आहे, नाना? पेन्शन किती उरते?”

“ते पाहू. घेऊन ये.”

शिवाशीव, शेजारपाजार, ही जागाही भाड्याचीच, यातलं काहीच ते बोलले नाहीत. सत्तरी उलटलेला माणूस, रोज संध्या करणारा.

आज सकाळी शोधत गेले. दूधनाक्याच्या मागे गवताची वखार आहे, तिथे एका बाजूला तरटं बांधून राहतात. धाकू नव्हता. वीटभट्टीवर राखणीला लागला आहे, आठवड्याने येतो. गंगूला मानपाड्याला मावशीकडे ठेवलं आहे. रखमाबाई एकटीच पेंढ्या बांधत होती. गवत ओलं होतं, धूर यावा तसा वास येत होता. मला पाहून तिने पोतं झटकून बसायला टाकलं.

मी सांगायला आलेलं सांगितलं. नानांनी बोलावलं आहे हेही सांगितलं.

ती पेंढी बांधत राहिली. पिळा घट्ट करून बाजूला टाकली, मग म्हणाली, “तुमची नोकरी गेली म्हनं.”

“हो.”

“आमच्यापायी.”

“नाही, रखमाबाई. माझ्याचपायी.”

“व्हय,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “तुमी भल्या हायसा, बाई. तुमचं वडीलबी भलं असतील. पन मला आता भल्या मानसाचं भ्या वाटतंय. शेठचं वाटत न्हाई येवढं. शेठ काय करनार ते ठाऊक असतं.”

मी म्हटलं, “गंगूला तरी...”

“गंगू माज्याकडंच येईल. जरा बस्तान बसूंद्या.” तिने पुढची पेंढी ओढली. “हे आल्यावर सांगू नगा तुमी आलता म्हनून. त्यो अजून तुमाला चांगलंच म्हनतो. ते तसंच असूंदे.”

मी उठले. तिने मला वखारीच्या तोंडापर्यंत पोचवलं, चिखलात कुठे पाय टाकायचा ते दाखवलं.

घरी आले तर नाना घामाघूम होऊन जमिनीवर बसले होते. मी नसताना त्यांनी बाहेरची खोली रिकामी केली होती. चाचपडत, एकट्याने. आपली गादी गुंडाळून आत भिंतीशी नेऊन ठेवली होती. कायद्याच्या पुस्तकांची पेटी ओढत आत नेली होती, तिच्या कडेने बोट सोललं होतं. खुंटीवरचे कपडे काढले होते. जमीनही पुसली होती, मधे मधे कोरडे पट्टे राहून गेले होते.

पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. माझ्या मागे आणखी पावलं आहेत का, ते ऐकत राहिले.

मी सांगितलं, येत नाहीत.

गादी पुन्हा बाहेर घालू का, मी विचारलं. ते म्हणाले, “राहू दे.”

मी स्वयंपाक केला. बाहेरची खोली तशीच मोकळी ठेवून आम्ही दोघं आत, पेटी आणि गादी यांच्या मधल्या जागेत, पानं मांडून जेवलो.